दाराजवळची खुर्ची

देवरे सर बैठकीला सगळ्यांच्या आधी यायचे आणि स्वतः खुर्च्या मांडायचे. शांतता समितीची बैठक पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत भरायची. लोखंडी घडीच्या खुर्च्या, उघडताना किंचाळणाऱ्या. तिथला शिपाई म्हणायचा, "सर, मी करतो ना." सर ऐकत नसत. रांगेत मांडल्या की लोक आपापली माणसं धरून बसतात, म्हणून ते खुर्च्या गोल मांडायचे. आणि गोलाच्या बाहेर, दाराला अगदी लागून, एक खुर्ची स्वतःसाठी ठेवायचे. अध्यक्ष तेच, पण टेबलामागे कधी बसले नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ताई, मीटिंग टेबलावर मोडत नाही, दारात मोडते. रागावलेला माणूस उठून बाहेर जातो आणि बाहेर त्याला चार जण भेटतात. त्या चौघांच्या आधी मी भेटलो पाहिजे."

उठलेल्या माणसाला ते अडवत नसत. नुसतं विचारायचे, "चहा घेतला का?" माणूस तणतणत म्हणायचा, "नको मला चहा." "मग मला पाजा," सर म्हणायचे. गल्लीतल्या निम्म्या माणसांना त्यांनी महापालिकेच्या शाळेत शिकवलेलं. मास्तरांना चहा नाकारून निघून जाणं आमच्याकडे अजून कोणाला जमत नव्हतं. चहा येईपर्यंत माणूस परत खुर्चीत.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे 'ते लोक' हा शब्द चालायचा नाही. कोणी म्हणालं, "त्या लोकांनी आमच्या गाड्या अडवल्या," की दाराकडून आवाज यायचा, "कोणी? नाव घ्या." समोरचा गडबडायचा. नाव घ्यायचं म्हटलं की बहुतेक वेळा एखाद-दुसरं नाव निघायचं, तेही ओळखीचं, आणि भांडण एकदम लहान व्हायचं. वर्गातही ते असंच करायचे म्हणे. खडू कोणी चोरला? सगळ्यांनी? सगळ्यांनी काही नसतं. नाव घ्या.

मी त्या समितीत गेले ती समाजसेवेच्या हौसेने नव्हे. जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीत माझं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान होतं. दंगलीनंतर ठाण्याच्या साहेबांना समितीवर एक बाई हवी होती, आणि जळालेल्या दुकानांच्या सर्वांत जवळची बाई मी होते. माझ्या दुकानाची एक भिंत धुराने काळी झाली होती, एवढीच माझी पात्रता.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. ठिकठिकाणी जे चाललं होतं ते एका दुपारी आमच्या गल्लीत आलं आणि तासाभरात काम उरकून गेलं. गल्लीत बांगड्यांची दुकानं मनियारांची होती. बाकीची सोडून तेवढीच जळाली. काच वितळून पायऱ्यांवर ओघळली आणि तिथेच थिजली. हिरवा, लाल, मोरपंखी, सगळे रंग एकात एक. ती काढायला पुढे छिन्नी लागली.

माझ्या लगतचं दुकान रशीद मनियारचं. रशीदला बांगडीचं माप घ्यायला काही लागत नसे. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखाली जरा दाबायचा आणि बरोबर तोच जोड काढायचा. लग्नघरी हिरवा चुडा भरायला त्याला बोलावणं जायचं. घरातल्या बायका ओळीने हात पुढे करून बसायच्या. नवरीला पहिली बांगडी चढवताना तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "देव त्याचा निराळा असेल, हात मात्र चांगलाय." सासूबाई सोवळ्याच्या पक्क्या होत्या, पण बांगड्यांना ते लागू नव्हतं.

दुकान पेटलं तेव्हा रशीद आत माळ्यावर होता. मागच्या खिडकीतून उडी टाकून वाचला. पण त्याआधी त्याने काडी टाकणाऱ्याला पाहिलं. तो विजू होता. कोपऱ्यावरच्या होलसेलवाल्यांचा मुलगा, मंडळाचा कार्यकर्ता, आणि देवरे सरांच्या वर्गात रशीदच्याच बाकावर बसलेला. रशीदने तक्रारीत त्याचं नाव दिलं आणि मालेगावला बहिणीकडे निघून गेला.

पुढचा सगळा पेच त्या एका नावाचा. जळालेल्या जागी पक्के गाळे बांधून द्यायला महापालिका तयार होती. पण व्यापारी संघटनेचं म्हणणं, गाळे होतील, मनियार परत येतील, आम्ही हार घालून आणू, फक्त तक्रारीतून विजूचं नाव निघालं पाहिजे. नाहीतर गल्ली उघडणार नाही. लग्नसराई तोंडावर होती. शटर बंद ठेवून माझीही पंचाईत झाली होती, हेही सांगून टाकते. साहेबांनी सरांना बाजूला घेऊन समजावलं की तक्रार तशी मागे घेता येत नाही, पण साक्षीत ओळख पटली नाही म्हटलं की झालं.

ठाण्यातून बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "आधी शटर उघडू द्या, ताई. तोंडं मागून उघडतील." हे ते पुढे अनेकदा म्हणाले. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मी मान डोलावली आणि त्यांच्याबरोबर मालेगावच्या एसटीत बसले. घरात बायका असणार, म्हणून मी बरोबर हवी होते.

रशीदच्या बहिणीच्या घराला तिन्ही बाजूंनी यंत्रमाग. भिंती थरथरत होत्या. अशा गोष्टी हळू बोलायच्या असतात. त्या खडखडाटात सरांना त्या ओरडून बोलाव्या लागल्या.

"रशीद, दुकान पाहिजे का केस?"

"दोन्ही माझंच आहे ना, सर?"

"दोन्ही मागशील तर दोन्ही जाईल. तुझ्याशी खोटं बोलत नाही मी."

पडद्याआडून त्याची बहीण म्हणाली, "भाई, मास्तरजी फिर मुर्गा बनाने आए हैं तुमको."

रशीद हसला. सर हसले नाहीत. रशीद म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलं. नाव घ्या. घेतलं मी नाव."

सर खाली बघत म्हणाले, "हो. आणि आता मीच सांगतोय, सोड." एवढ्या मोठ्याने त्यांना हे म्हणावं लागलं की शेजारच्या घरातही ऐकू गेलं असेल.

रशीदने चहाचा कप खाली ठेवला. "ठीक आहे. कोर्टात म्हणतो, अंधार होता. पण विजूने एकदा माझ्या दुकानात यायचं. शटर अर्धं ओढून. पेपरवाला नको, साहेब नको. नुसतं म्हणायचं, रशीद, मी केलं. माफी नको मला. एवढं म्हटलं की माझं संपलं."

"येईल तो."

"नाही आला तर?"

"मी शे ना," सर म्हणाले.

सर मूळचे सटाण्याकडचे. एरवी पुस्तकासारखं मराठी बोलायचे, पण मनापासून शब्द द्यायची वेळ आली की त्यांच्या तोंडून अहिराणी निघायची. मी आहे ना. घाबरलेल्या पोराला, रुसलेल्या व्यापाऱ्याला, विधवेला, सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलेलं मी ऐकलं होतं, आणि तोवर ते निभावलंही होतं. रशीदने ते ऐकलं आणि पुढे काही विचारलं नाही.

कोर्टात तो म्हणाला, "अंधार होता. मला काही दिसलं नाही." भर दुपारी, पेटलेल्या दुकानात अंधार कसा, हे कोणी विचारलं नाही. विचारणारे सगळे आधीच समजून आले होते. मी मागच्या बाकावर होते. खाली उतरताना रशीदने एकदाच सरांकडे पाहिलं, आणि सरांनी चष्मा पुसायला घेतला.

गाळे झाले. निळी शटर, वर सारख्या पाट्या. पेपरात फोटो आला, सलोख्याचा आदर्श म्हणून. आमच्या गल्लीला बघायला बाहेरगावच्या समित्या यायच्या. सर त्यांना खुर्च्या कशा मांडायच्या ते दाखवायचे. खरं तेही सांगितलं पाहिजे. पुढच्या वर्षांत इकडे तिकडे पेटलं, अफवा आल्या, पण आमची गल्ली पुन्हा पेटली नाही. ते सरांचं काम होतं. कित्येकदा ते चौकात खुर्ची टाकून बसलेले मी पाहिलेत.

पण बायका आता रशीदच्या दुकानात हात पुढे करत नव्हत्या. "दोन-सहा द्या, हिरव्या, पॅक करा," म्हणायच्या. माप मोठं निघालं तर दुसऱ्या दिवशी बदलून न्यायच्या, तेही खोका पुढे सरकवून. रशीदने कधी कोणाला "हात द्या" म्हटलं नाही. लग्नघरची बोलावणी हळूहळू बंद झाली. कोणी ठरवून केलं नव्हतं. मी मशीनवर काम करते म्हणून बांगड्या घालत नाही, त्यामुळे माझ्यावर ती वेळच आली नाही. सोयच होती म्हणायची.

विजू आला नाही.

दर शनिवारी संध्याकाळी सर रशीदच्या दुकानाबाहेरच्या स्टुलावर येऊन बसायला लागले. गाळे बांधताना आमच्यामधली काळी भिंत पाडली होती, आता नुसतं प्लायवूडचं पार्टिशन, सगळं ऐकू यायचं. ऐकायला फार नव्हतंच.

"आला नाही ना?"

"नाही, सर."

"येईल."

"चहा सांगू?"

"सांग."

मग तास-दीड तास दोघे गप्प. गिऱ्हाईक आलं की सर स्टूल बाजूला घ्यायचे. लोकांना वाटायचं, काय मैत्री आहे मास्तर-विद्यार्थ्याची. मला माहीत होतं, ते विजूच्या जागी हजेरी लावत होते.

एकदा विजू बायकोच्या साड्या घेऊन माझ्याकडे आला आणि सरांनी त्याला माझ्याच काउंटरपाशी गाठलं. "विज्या, चार पावलांवर दुकान आहे. जाऊन ये."

"सर, गल्ली शांत आहे. माझा धंदा चाललाय, रशीदचा चाललाय, वहिनींचा चाललाय. आता कशाला उकरायचं?"

"उकरायचं नाही. एक वाक्य बोलायचंय."

"वाक्य बाहेर पडलं की माझं राहतं का? उद्या कोणी टेप करून वाजवलं म्हणजे?"

"मी शे ना."

"तुम्ही आहात हो, सर. पण तिकीट तुम्ही देणार आहात का?" आणि माझ्याकडे वळून, "वहिनी, अबोली साडीला फॉल जरा गडद लावा."

मी लावला. पार्टिशनच्या पलीकडे रशीद होता. त्याच्या बाजूने बांगड्यांचा आवाज थांबला होता, तो विजू गेल्यावर पुन्हा सुरू झाला.

विजूला तिकीट मिळालं. नगरसेवक झाल्यावर त्याने गल्लीत सिमेंटचा रस्ता केला, दिवे आणले, आणि त्या रस्त्याच्या उद्घाटनाला शांतता समितीचा सत्कार ठेवला. गाळ्यांसमोरच मांडव. सरांना शाल-श्रीफळ द्यायला स्वतः विजू. रशीद आपल्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. मी मंचावर, महिला प्रतिनिधी म्हणून. सरांच्या हातात माइक आला. मला वाटलं, आता हे म्हणतील, नाव घेतील. एवढी वर्षं दाबलेलं सगळं इथेच बाहेर काढतील. काढावं असंही वाटत होतं, आणि काढू नये असंही.

सर म्हणाले, "विजयराव, आपण या म्हाताऱ्याची आठवण ठेवलीत, आभारी आहे." आणि खाली बसले.

विजयराव. साठीतल्या माणसालाही एकेरी हाक मारणारे सर. पायरीवरचा रशीद आत गेला. टाळ्या वाजत होत्या.

पुढच्या शनिवारी सर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी त्यांच्या घरी गेले. शाल खुर्चीच्या पाठीवर तशीच, घडीही मोडलेली नव्हती.

"बरं नाही का, सर?"

"बरा आहे."

"मग शनिवारी?"

"कोणत्या तोंडाने जाऊ, ताई?" शालीकडे बघत म्हणाले, "बोलायचं ठरवून गेलो होतो. समोर सगळी दुकानं उघडी दिसली. दिवे, गिऱ्हाईकं. म्हटलं, एका वाक्याने हे परत बंद झालं तर? मग दुसरंच तोंडातून गेलं." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "विजयराव म्हटलं मी त्याला."

मी रशीदला एवढंच सांगितलं की सरांची तब्येत ठीक नाही. त्याने डबे पुसता पुसता ऐकलं. "त्यांना सांगा, स्टूल रोज बाहेर ठेवतो मी. रिकामं स्टूल संध्याकाळी आत न्यायचा कंटाळा येतो."

हा निरोप मी जसाच्या तसा दिला. पुढच्या शनिवारी सर आले. "आला नाही ना?" मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. नुसता चहा यायचा.

नंतर तब्येत खरंच बिघडली. अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी माझ्याकरवी दोघांनाही बोलावणं पाठवलं, एकाच वेळी. रशीद आधी आला आणि पायाशी बसला. विजू फळांची करंडी, दोन कार्यकर्ते आणि फोटोवाला घेऊन आला. सरांनी बोटाने तिघांना बाहेर जायला सांगितलं. मीही उठले, तर म्हणाले, "तुम्ही बसा, मालेगावला होतात." मग विजूला म्हणाले, "विज्या, बोल."

विजू खुर्चीच्या कडेवर बसला. कपाळावरचा घाम पुसला. त्याला बोलायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. ओठ दोनदा हलले. "रशीदभाई," तो म्हणाला, "जे झालं ते झालं. आपण काय, भाऊ-भाऊच."

"काय झालं?" रशीदने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"अरे, ते... त्या वेळचं."

"त्या वेळचं काय?"

विजूने सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याचा मोबाइल वाजला. त्याने तो कानाला लावला, "हां साहेब, हां, पोचतोच," म्हणत उठला, आणि दारातून हात जोडून गेला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. करंडी तिथेच राहिली.

सरांनी तोंड भिंतीकडे केलं. मग ते तसेच, भिंतीला म्हणाले, "रशीद, मी तुला फसवलं."

रशीदने त्यांचा हात हातात घेतला. सवयीने अंगठ्याखाली दाबून पाहिलं. "बारीक झाला हात, सर," म्हणाला. आणि मग, कोर्टात म्हणाला होता त्याच आवाजात, "अंधार होता. मला काही दिसलं नाही."

हे त्याने त्यांना मोकळं करायला म्हटलं की टोचायला, मला अजून ठरवता आलेलं नाही. सरांना बहुधा दोन्ही लागलं. त्यांनी हात काढून घेतला नाही. त्या आठवड्यातच ते गेले.

शोकसभा ठाण्याच्या मागच्या त्याच खोलीत झाली. खुर्च्या शिपायाने मांडल्या होत्या, सरळ रांगांमध्ये. अध्यक्षस्थानी विजू, टेबलामागे. भाषणं चांगली झाली. सरांनी समाज कसा जोडला, गल्ली कशी उभी केली, वगैरे. मग कोणीतरी रशीदला बोलायला उठवलं.

तो जागेवरूनच बोलला. "सर मला म्हणाले होते, मी शे ना. ते होते तोवर मी दुसऱ्या कोणाला काही विचारलं नाही. आता कोणाला विचारायचं, तेवढं फक्त सांगा."

खोलीत चाळीस-पन्नास माणसं होती. काय विचारतोय हे निम्म्यांना तरी कळलं होतं. पंखा फिरत होता. मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्या डावीकडचे व्यापारी संघटनेचे गृहस्थ खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत होते. विजू म्हणाला, "रशीदभाईंच्या भावना आपण समजू शकतो."

रशीद रांगेतून वाट काढत दाराकडे निघाला. दाराजवळ खुर्ची नव्हती. कोणी त्याला चहाचं विचारलं नाही. मलाही उठता आलं असतं, गुडघे तेव्हा धड होते. चौकाला सरांचं नाव देण्याचा ठराव पुढे आला. एकमताने मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मी होते.

दुसऱ्या दिवशी रशीदने वेळेवर शटर उघडलं. डबे पुसले, ऊद लावला, काचेवर फडकं फिरवलं. येणाऱ्या बाईला दोन-सहाच्या हिरव्या बांगड्या खोक्यात भरून दिल्या. दिवसभर मी मशीनवरून मान वर करून बघत होते. स्टूल त्याने बाहेर ठेवलं नव्हतं.